डोकेदुखी नेमकी कशाची? सिल्डेनाफिलच्या एका चाचणीचं वाचन

१९९९ साली ‘ॲनल्स ऑफ न्यूरॉलॉजी’मध्ये फ्रान्स्वा जुलिआनो आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. मज्जारज्जूला दुखापत झालेले १७८ पुरुष. प्रत्येकाला सहा आठवडे सिल्डेनाफिल आणि सहा आठवडे हुबेहूब तशीच दिसणारी खोटी गोळी. मध्ये दोन आठवडे काहीच नाही. कोणती गोळी कधी, हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. ताठरता सुधारली असं खऱ्या गोळीवर ७६ टक्क्यांनी सांगितलं, खोट्या गोळीवर ४ टक्क्यांनी.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा पेपर वाचावाच, कारण त्याची रचना फार शहाणी आहे. मज्जारज्जूची दुखापत दोन माणसांत सारखी नसते. एकाची मानेत, दुसऱ्याची कमरेत. एकाची पूर्ण, दुसऱ्याची अर्धवट. असे दोन गट करून तुलना केली तर फरक औषधाचा की दुखापतीचा, हेच कळत नाही. इथे प्रत्येक पुरुषाची तुलना त्याच्या स्वतःशीच आहे. याला क्रॉसओव्हर म्हणतात. लेखकांपैकी क्लेस हुल्टलिंग हे स्वतः मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर व्हीलचेअर वापरणारे डॉक्टर, म्हणजे हा प्रश्न बाहेरून डोकावणाऱ्यांचा नाही.

‘हा विषय कशाला?’ असं गाइडने विचारलं तर किम अँडरसन यांचा २००४चा सर्व्हे दाखवा. ६८१ जणांना विचारलं होतं, काय परत मिळालं तर आयुष्य सर्वात जास्त सुधारेल? चारही हातपाय गेलेल्यांनी हातांची हालचाल मागितली. फक्त पाय गेलेल्यांची पहिली पसंती चालणं नव्हती, लैंगिक क्षमता होती.

माझी तक्रार परिणामांबद्दल नाही, दुष्परिणामांच्या तक्त्याबद्दल आहे. एकट्या या पेपरची नाही, या जातीच्या बहुतेक चाचण्यांची. दुष्परिणाम मोजायची नेहमीची रीत काय? ‘काही त्रास झाला का?’ असं विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. पण ज्या शरीरातून वेदनेची खबर मेंदूपर्यंत पोचतच नाही, त्याला हा प्रश्न विचारून किती कळणार? ताठरता टिकवायला लावलेली रिंग अर्ध्या तासात काढायची असते. दुखत नाही म्हणून तशीच राहिली, झोप लागली, तर कातडी मरते. पापावेरिनसारखं इंजेक्शन चेतासंस्थेची दुखापत असलेल्यांना थोड्या डोसातच जास्त लागू पडतं. चार तासांपुढे ताठरता उतरली नाही तर ती इमर्जन्सी असते, पण ठणका जाणवत नसेल तर घड्याळाशिवाय इशारा देणारं कुणी नाही. आत बसवलेला इम्प्लांट कातडी झिजवत बाहेर येईपर्यंत पत्ता लागत नाही, असंही होतं. ‘त्रास नाही’ या उत्तराचे इथे दोन अर्थ आहेत आणि तक्ता ते एकाच रकान्यात टाकतो.

उलटी गंमत (खरं तर गंमत नाहीच) डोकेदुखीची. सिल्डेनाफिलचा सर्वात नेहमीचा, बहुतेकदा निरुपद्रवी दुष्परिणाम म्हणजे डोकेदुखी. आणि दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर लैंगिक उत्तेजनेने, विशेषतः वीर्यस्खलनाच्या वेळी, रक्तदाब एकदम उसळू शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. त्याचं मुख्य लक्षण? ठणकणारी डोकेदुखी. एक दोन तासांत जाते, दुसरी मेंदूत रक्तस्राव करू शकते. त्या क्षणी रक्तदाब मोजलेला नसेल, तर तक्त्यातल्या ‘डोकेदुखी’ या ओळीत दोन्ही बसतात.

हा पेपर आता तळेगावला (श्यामजी पंत) आणून ठेवा. नागपूर–अमरावती महामार्गावरचं गाव. समजा, अपघातात मान मोडलेला एक तरुण. रात्री गोळी घेतली आणि डोकं फुटायला आलं. आष्टी किंवा आर्वीचा दवाखाना गाठायचा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय त्याहून लांब. वरचा रक्तदाब १३५ भरला. ‘नॉर्मल आहे.’ पण मानेच्या दुखापतीनंतर याचा रोजचा आकडाच ९० ते ११० असू शकतो. नेहमीपेक्षा २० ते ४० वाढला तरी तो डिसरिफ्लेक्सिया धरतात. त्याला उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, कॅथेटर तुंबलाय का बघायचं, हे आधी. तरी दाब उतरला नाही तर औषधं. आणि त्यांत नायट्रेटही असतं. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांत, टाडालाफिल असेल तर ४८ तासांत, नायट्रेट दिलं तर तोच दाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.

म्हणजे सगळं एका वाक्यावर अडलं: ‘मी गोळी घेतली होती.’ ते वाक्य तो बोलणार आहे का? सोबत वडील आणि चुलतभाऊ उभे. तो एवढंच म्हणेल, ‘डोकं लय दुखून राह्यलं.’

जुलिआनोंच्या पेपरमध्ये हे नसणं समजू शकतं, त्यांचा प्रश्न गोळी चालते का हा होता. पण आपल्याकडचे सिनॉप्सिस तीच प्रश्नावली मराठीत उतरवून, आकडा तेवढा नवा भरून पुढे जातात, हे मला पटत नाही. दुखापतीची पातळी आणि रोजचा रक्तदाब आधी नोंदवा. घरी मशीन द्या आणि डोकं दुखलं की त्याच वेळी आकडा लिहायला सांगा. ‘दुखलं का’ ऐवजी ‘पाहिलं का, कोणी पाहिलं’ असं विचारा. जोडीदाराची संमती घेऊन तिलाही वेगळं विचारा. रुग्णाच्या खिशात चिठ्ठी ठेवा: माझा रोजचा दाब इतका, अमुक गोळी अमुक वाजता, नायट्रेट देऊ नये. आणि मुलाखत घेताना खोलीत आणखी कोण होतं, यासाठीही प्रोफॉर्मात एक रकाना ठेवा.