कोयत्याचे बिंदू किती?

मंडळी, आता 'स्टॅटनेट'कडे येऊ. माणसामाणसांतल्या संबंधांच्या जाळ्यांचा संख्याशास्त्रीय अभ्यास करण्यासाठी 'आर' भाषेत लिहिलेला हा मुक्त सॉफ्टवेअर-संच. २०१३ मध्ये हंटर, गुड्रो आणि हँडकॉक यांनी त्याला एक जोड दिली, 'अर्गम-यूजरटर्म्स'. म्हणजे काय, तर तयार मापं पुरत नसतील तर आपलं माप आपण लिहा. सी भाषेतल्या त्या छोट्या तुकड्याला एकच सांगावं लागतं: जाळ्यातली एक रेघ जोडली किंवा पुसली, तर मोजणी कितीनं बदलते? सगळं जाळं पुन्हा मोजायला नको. ही मांडणी देखणी आहे, हे आधी म्हणू.

आता ती पाथर्डीत आणून बघू. दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. मग जाळ्यात बिंदू कोणता धरायचा? कोयता एकच बिंदू धरला, तर बाई गडप. दोन धरले, तर साधं प्रारूप दोघांच्या रेघा सुट्या समजतं. नवरा एका मुकादमाकडे, बायको दुसऱ्याकडे, असंही चालवून घेतं. म्हणून माप लिहायचं: एकाच मुकादमाशी बांधलेली जोडपी किती? नवऱ्याची रेघ जोडली की मोजणी एकानं वाढेल, पण बायकोची रेघ त्याच मुकादमाकडे असेल तरच. काम मोजक्या ओळींचं.

आमचा आक्षेप पुढे आहे. यादी मुकादमाच्या वहीवरून केली आणि तीत फक्त नवऱ्याचं नाव असेल, तर हे नेटकं माप शून्य दाखवील. बाईनं ऊस तोडलाच नाही, की तिचं नाव कुणी लिहिलं नाही, हा फरक सॉफ्टवेअरला कळणार कसा? या संचासोबत येणारं शिकवणीचं उदाहरणच बघा ना: फ्लॉरेन्सची १६ घराणी. बिंदू म्हणजे घराणं, रेघ म्हणजे लग्न. दिल्या-घेतलेल्या मुली बिंदू नाहीतच, त्या रेघेत विरल्या.

विस्ताराचं दार उघडं ठेवलं, हे या लेखकांचं श्रेय. पण त्यातून आत काय न्यायचं, ते उसाच्या फडात ठरतं. दोघांना वेगवेगळं विचारा: उचल कुणाच्या हातात पडली, फेडतंय कोण? सी भाषा त्यानंतर.