रक्त कोणाचे, तहान कोणाची?

दलित साहित्याच्या वाचकाने रक्तपिपासू पिशाचांच्या कादंबऱ्या का वाचाव्यात, असा प्रश्न कोणीही विचारील. अशा कादंबऱ्या गाडीच्या प्रवासात वाचायच्या आणि उतरताना बाकावर विसरून यायच्या, असा सर्वसाधारण समज आहे. मला हा समज मान्य नाही. प्रस्थापित समाज आपल्या गंभीर ग्रंथांत जे कबूल करीत नाही, ते तो आपल्या रंजनपर वाङ्मयात सहज बोलून जातो. तेथे त्याची जीभ सैल असते. म्हणून त्याचे रंजन आपण कान देऊन ऐकले पाहिजे.

शिवाय अमेरिकेतील काळ्यांचा प्रश्न आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी 1946 साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निग्रोंच्या निवेदनाची चौकशी केली होती. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तिकडचे विद्रोही साहित्य आपण वाचत आलो. पण ज्या समाजाविरुद्ध तो विद्रोह झाला, तो समाज आज कोणत्या गोष्टी वाचून हसतो आणि कोणावर प्रेम करतो, हे आपण फारसे पाहिलेले नाही.

व्हॅम्पायर म्हणजे मेलेला, पण रात्री थडग्यातून उठून जिवंत माणसाचे रक्त पिणारा. युरोपच्या वाङ्मयात तो प्रथमपासून उच्चकुलीन आहे. पॉलिडोरीच्या 1819 सालच्या कथेतला व्हॅम्पायर लॉर्ड आहे, ब्रॅम स्टोकरचा 1897 सालचा ड्रॅक्युला काउंट आहे. त्याला वाडा आहे, जमीन आहे, आणि भोवतालच्या खेड्यातील माणसे त्याच्या नावाने थरथर कापतात. मार्क्सने 1867 साली 'भांडवला'त जिवंत श्रमावर जगणाऱ्या मृत श्रमाला व्हॅम्पायरची उपमा दिली, ती वाचकाला लगेच पटली, कारण रक्त पिणारा तो मालक हे समीकरण लोकमानसात आधीच रुजलेले होते. आपल्याकडेही सावकार रक्त पितो असेच म्हणतात. मजूर रक्त पितो असे कोणी म्हणत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे समीकरण उलटे करण्यात आले. व्हॅम्पायर दुःखी झाला, देखणा झाला, प्रियकर झाला, आणि शेवटी पीडित अल्पसंख्याक झाला. हे उलटणे ज्या भूमीवर घडले ती भूमी लुइझियाना राज्याची आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांत गुलाम राबवून हे राज्य श्रीमंत झाले. अ‍ॅन राइस यांची 1976 सालची 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' तेथेच सुरू होते. नायक लुई हा 1791 सालचा निळीच्या मळ्यांचा मालक. तो व्हॅम्पायर होतो आणि त्याच्या मळ्यावरील गुलामांचे रक्त पिले जाते. पण कादंबरीला रस आहे तो लुईच्या अपराधी मनात. ज्यांचे रक्त गेले त्यांना मन आहे की नाही, याची चौकशी ती करीत नाही.

राइस यांची कादंबरी गंभीर होती. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 2001 साली, शार्लेन हॅरिस यांची 'डेड अंटिल डार्क' आली. तिने भय, विनोद आणि प्रणय एकाच भांड्यात शिजवले. वाचकांना ती चव इतकी आवडली की 2013 सालापर्यंत तेरा कादंबऱ्या निघाल्या, आणि अ‍ॅलन बॉल यांनी तिच्यावरून केलेली 'ट्रू ब्लड' ही दूरचित्रवाणी मालिका 2008 ते 2014 अशी सात पर्वे चालली.

कथानक थोडक्यात असे. जपान्यांनी कृत्रिम रक्त तयार केले आहे. आता माणसाचे रक्त पिण्याची गरज उरली नाही, असे सांगून व्हॅम्पायर उजेडात आले आहेत. म्हणजे दिवसाच्या नव्हे, समाजाच्या. आम्हाला एक विषाणू झाला आहे, आम्ही रुग्ण आहोत, आम्हाला नागरिकांचे हक्क द्या, अशी त्यांची मागणी आहे. लुइझियानातील बॉन टेम्प्स या काल्पनिक गावात सूकी स्टॅकहाउस ही तरुणी एका बारमध्ये वेट्रेस आहे. तिला इतरांच्या मनातले ऐकू येते. बारमध्ये एक व्हॅम्पायर येतो. त्याचे नाव काहीतरी भारदस्त असेल अशी तिची अपेक्षा असते. नाव निघते बिल, आणि तिला हसू आवरत नाही. बारमध्ये कृत्रिम रक्त अजून आलेले नसते, म्हणून हा मेलेला गृहस्थ रेड वाइन मागवतो आणि पेला समोर ठेवून बसतो.

हा विनोद मला आवडतो आणि तो मी नाकारणार नाही. भयाला गल्लीत आणून बसवण्याची हॅरिस यांची हातोटी चांगली आहे. श्रेव्हपोर्ट शहरात व्हॅम्पायरांचा बार आहे आणि तेथे पर्यटकांना छापील बनियन विकत मिळतात. एल्व्हिस प्रेस्लीही व्हॅम्पायर झाला आहे, पण त्यात त्याचा मेंदू बिघडल्याने तो मांजरांचे रक्त पीत हिंडतो. या हसण्यात बाजारू संस्कृतीची जाण आहे.

सूकीविषयीही मला आस्था वाटते. ती श्रीमंतांची लेक नाही. शाळेपलीकडे तिचे शिक्षण झालेले नाही; दिनदर्शिकेवरचा रोजचा नवा शब्द ती पाठ करते. गाव तिला वेडी म्हणते. गिऱ्हाइकांच्या मनातली घाण तिला ट्रे हातात घेऊन दिवसभर ऐकावी लागते. व्हॅम्पायरच्या मनातले मात्र तिला काहीच ऐकू येत नाही. त्याच्याजवळ शांतता आहे, आणि तिच्या प्रेमाचे खरे कारण हेच आहे. राबणाऱ्या बाईला प्रियकराच्या ठिकाणी आधी विसावा हवा असतो, हे या लेखिकेला कळलेले आहे. ज्या समीक्षकांनी या कादंबऱ्या केवळ चाळवणाऱ्या म्हणून बाजूला सारल्या, त्यांना हे दिसले नाही.

पण हा विसावा ज्याच्याजवळ मिळतो तो बिल कॉम्प्टन आहे कोण? तो दक्षिणेच्या बाजूने यादवी युद्धात लढलेला सैनिक आहे. सूकीची आजी 'वैभवशाली मृतांचे वंशज' अशा नावाच्या मंडळाची सभासद आहे. गुलामी टिकावी म्हणून ज्या राज्यांनी युद्ध केले, त्यांच्या सैनिकांचे स्मरण करणारे हे मंडळ. त्या युद्धाचा जिवंत, म्हणजे मेलेला, साक्षीदार सापडला म्हणून आजीला आनंद होतो. ती त्याला विचारते, आमच्या पूर्वजांकडे गुलाम होते काय? तो आठवून सांगतो: घरात एक मध्यमवयीन बाई होती, आणि बाहेरच्या कामाला एक तरुण, धिप्पाड, फार ताकदीचा. त्याचे नाव मिनस. आजी खूष होते. मंडळाला ऐकायला आवडेल अशीच ही माहिती आहे, असे तिला वाटते.

पहिल्याच कादंबरीतली ही काही ओळींची जागा मी पुन्हा पुन्हा वाचली. साक्षीदार भेटला आहे, त्याची स्मृती शाबूत आहे, आणि त्या स्मृतीत गुलामाची ताकद आहे. बैलाची आठवण काढावी तशी ही आठवण आहे. बाईला तर नावही नाही. मिनसची आई कोण, त्याला कोठून आणले, युद्धानंतर तो कोठे गेला, हे कोणी विचारीत नाही. लेखिकेने ही जागा उपरोधाने लिहिली असेल असे मानायला माझी हरकत नाही. पण उपरोध असता तर तो पुढे कोठेतरी टोचायला हवा होता. येथे चहापाणी होते आणि प्रेमकथा पुढे सरकते.

मालिकेने ही चूक ओळखली. कादंबरीतली गोरी तारा मालिकेत काळी केली, आणि ती बिलला सरळ विचारते, तू गुलाम ठेवले होतेस काय? मी नाही, माझ्या वडिलांनी ठेवले होते, असे तो सांगतो. प्रश्न तोच, पण विचारणारी बदलली की प्रश्नाची धार बदलते. काळा स्वयंपाकी लाफायेत याला कादंबरीकर्त्रीने दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभीच मारून मोटारीत टाकले होते. मालिकेने त्याला अखेरपर्यंत जगवले. तरीही मालिकेची मुख्य उपमा बदलली नाही. व्हॅम्पायरांसाठी घटनादुरुस्तीची मागणी होते, त्यांच्याविरुद्ध चर्चच्या फलकावर द्वेषाचे वाक्य झळकते. नागरी हक्कांच्या चळवळीची आणि समलिंगी व्यक्तींच्या लढ्याची भाषा उचलून ती सुळे असलेल्याच्या तोंडी घातली आहे.

माझा आक्षेप येथे आहे. ज्यांच्यावर पूर्वी अन्याय झाला त्यांच्याकडे रक्त पिण्याची ताकद नव्हती. काळ्या माणसाविषयीचे भय गोऱ्यांनी रचले होते. ते खोटे होते. व्हॅम्पायरविषयीचे भय खरे आहे, कारण तो खरोखर माणसे मारतो. ही दोन भये एका तागडीत घातली की वाचकाच्या नकळत असा निष्कर्ष निघतो, की पीडितांविषयीच्या भयातही काही तथ्य असावे. आणि दुसऱ्या बाजूने गुलाममालकाचा मुलगा आपोआप पीडितांच्या रांगेत येऊन उभा राहतो.

रक्ताचा इतिहास तर ही कादंबरी साफ विसरते. लुइझियानात रक्त हा सरकारी दफ्तराचा विषय होता. होमर प्लेसी याचे आठांतले सात पणजोबा-पणज्या गोऱ्या होत्या, तरी गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून त्याच्यावर खटला झाला, आणि 1896 साली सर्वोच्च न्यायालयाने डबे वेगळे ठेवणे कायदेशीर ठरवले. 1970 सालच्या कायद्याने या राज्यात बत्तिसाव्या हिश्श्याहून अधिक काळे रक्त असेल तर माणूस काळा ठरे. तो कायदा 1983 साली रद्द झाला. अमेरिकन रेडक्रॉस 1950 सालापर्यंत काळ्या रक्तदात्यांचे रक्त वेगळे ठेवीत असे. लुइझियानात रक्ताच्या बाटलीवर वंशाची चिठ्ठी लावण्याचा कायदा 1972 सालापर्यंत होता. म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसालाही बाटलीवरची जात वाचून रक्त द्यायचे! त्याच राज्यात बाटलीतल्या रक्ताची विनोदी कादंबरी घडते, आणि बाटलीवरची ती चिठ्ठी कोणाला आठवत नाही. अस्पृश्याच्या हातचे पाणी विटाळ मानणाऱ्या देशातील वाचकाने तरी ती आठवली पाहिजे.

जमिनीचेही तसेच. कॉम्प्टन घराण्यातला शेवटचा माणूस वारतो आणि बिल आपले वडिलोपार्जित घर ताब्यात घ्यायला परत येतो. सव्वाशेहून अधिक वर्षांनी मालकाला घर मिळते. मुक्त झालेल्या गुलामांना 1865 च्या जानेवारीत जनरल शर्मनच्या हुकमाने चाळीस एकरांपर्यंत जमीन देऊ केली होती. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी ती बहुतेक जुन्या मालकांना परत केली. मिनस व्हॅम्पायर होऊन परत आला असता तर त्याने कोणते घर मागितले असते?

हा प्रश्न काल्पनिक नाही, कारण त्याचे उत्तर हॅरिस यांच्या आधी दहा वर्षे लिहून झाले होते. जुएल गोमेझ या काळ्या लेखिकेची 'द गिल्डा स्टोरीज' 1991 साली प्रसिद्ध झाली. राज्य तेच, लुइझियाना, साल 1850. मळ्यावरून पळालेली एक गुलाम मुलगी. बलात्कार करू पाहणाऱ्या माणसाला ती चाकूने मारते. गिल्डा नावाची व्हॅम्पायर स्त्री तिला आसरा देते. गिल्डाची सोबतीण बर्ड ही लाकोटा जमातीची स्त्री तिला लिहावाचायला शिकवते. पुढे ती मुलगीच गिल्डाचे नाव आणि अमरत्व धारण करते, आणि कथा तिच्यासोबत 2050 सालापर्यंत जाते.

येथे रक्त घेण्याचा एक नियम आहे. मारायचे नाही, घेतले तेवढ्याच्या बदल्यात काही द्यायचे. झोपलेल्याच्या मनात शिरून त्याला कशाची गरज आहे ते पाहायचे आणि स्वप्नात ते ठेवून निघायचे. जिच्या आईच्या पिढीचे रक्त फुकट शोषले गेले, तिनेच देवघेवीचा नियम पाळावा, यात गोमेझ यांचे मूल्यभान दिसते. येथेही प्रणय आहे, स्त्रियांचा परस्परांवरील आहे, आणि त्याला मालकीचा वास नाही. या पुस्तकात उणिवा आहेत. त्यात विनोद फार थोडा आहे आणि चांगुलपणा काही ठिकाणी अतिच होतो. हॅरिस यांचे हसणे गोमेझ यांना जमलेले नाही. पण स्मृती कोणाच्या बाजूने ठेवायची, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. अमर होणारी ही मुलगी मळा विसरत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे मला वाटते, कारण पीडितांची भाषा उचलण्याची ही रीत आपल्याकडेही रूढ आहे. 'आता आम्हीच खरे दलित झालो' हे वाक्य सवर्णांच्या दिवाणखान्यात किती वेळा हसत हसत म्हटले जाते! त्या वाक्यात विनोद आहे, स्वतःविषयीचे प्रेम आहे, आणि आपली जागा जाईल हे भयही आहे. तेथेही मिनसची आठवण त्याच्या ताकदीपुरती असते: आमच्या वाड्यावर एक गडी होता, फार कष्टाळू.

आपली भुतेही जात पाळतात. मुंजा हा ब्राह्मणाचा मुलगा, मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला; त्याच्यासाठी पार बांधला जातो. गावकुसाबाहेर भुकेने आणि साथीने मेलेल्यांचे पार कोणी बांधले? आपल्या लेखकांनी आत्मकथनातून जिवंतांचे दुःख सांगितले, ते योग्यच झाले. परंतु भय, विनोद आणि प्रणय ही साधने प्रस्थापितांच्याच मालकीची आहेत असे समजण्याचे कारण नाही. ती आपण घ्यावीत. मात्र घेताना एक प्रश्न सोडू नये: या गोष्टीत रक्त कोणाचे गेले, आणि त्याचे नाव सांगायला कोणाला सवड झाली?