कोलाज, गती आणि सांधा

अक्षरे, आकृती आणि चित्रे यांना ध्वनीच्या साहचर्याने गतिमान करून अर्थ पोहोचविणारी जी रचना आज मोशन ग्राफिक्स या नावाने ओळखली जाते, तिच्या शिक्षणाचा प्रारंभ कोठून व्हावा, हा प्रश्न केवळ अध्यापनतंत्राचा नाही. या कलेची साधने संगणकात एकवटल्यापासून साधनांची ओळख म्हणजेच कलेचे शिक्षण, असा समज रूढ होत चालला आहे. याच्या उलट, कात्री, जुनी मासिके, डिंक आणि वरून खाली रोखलेला कॅमेरा एवढ्याच सामग्रीवर विद्यार्थ्याला प्रथम कोलाज रचावयास लावावे आणि मग तेच तुकडे हलवावयास शिकवावे, अशीही एक अध्यापनपद्धती आहे. तिचे समर्थन बहुधा सोयीच्या भाषेत केले जाते : ज्याला रेखाटन येत नाही त्यालाही कोलाज जमते, खर्च थोडा होतो आणि फळ लवकर दिसते. हे समर्थन खोटे नाही, परंतु ते दुबळे आहे. कोलाजाचे शैक्षणिक मूल्य त्याच्या सुलभतेपेक्षा त्याच्या सांध्यात अधिक आहे, आणि हा सांधा नजरेआड झाला की या अभ्यासाला हस्तव्यवसायाचेच रूप येते.

१९१२ साली पिकासोने खुर्चीच्या वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड आपल्या स्थिरचित्रात चिकटविले. त्याच वर्षी ब्राकने लाकडाच्या रेषांचा छाप असलेला भिंतीचा कागद कापून आपल्या रेखाचित्रात बसविला. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमधील दादा पंथाच्या हाना ह्योखने नियतकालिकांतील छायाचित्रे कापून त्यांची नवी जुळणी केली. या तिन्ही ठिकाणी तुकडा आपले पूर्वायुष्य बरोबर घेऊन येतो. तो मेणकापडच राहतो आणि तरीही चित्रात खुर्ची होतो. या दोन अर्थांमधील सीमा म्हणजे सांधा. चित्रकाराने तो लपविलेला नसतो. तो ओलांडण्याचे काम पाहणाऱ्याच्या मनावर सोपविलेले असते. विद्यार्थ्याला कोलाज रचावयास सांगणे म्हणजे त्याला या सीमेचा उपयोग करावयास सांगणे होय. तुकडे आयते मिळाल्यामुळे त्याचे लक्ष वस्तूच्या रेखाटनात गुंतून पडत नाही. कोणता तुकडा कशाशेजारी, किती मोठा, कोणत्या बाजूला तोंड करून, असे संबंधांचे प्रश्नच त्याच्यापुढे उरतात.

हा सांधा अवकाशातील झाला. गतीचा प्रवेश होताच दुसरा सांधा उत्पन्न होतो आणि तो काळातील असतो. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. प्रत्येक मांडणी दोन चौकटींवर टिपली तर सेकंदाला १२ मांडण्या होतात आणि १० सेकंदांच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्याला तुकडा १२० वेळा मांडावा लागतो. समजा, एक कागदी वर्तुळ २४ सेंटिमीटर अंतर १२ सरकवण्यांत ओलांडावयाचे आहे. प्रत्येक वेळी ते २ सेंटिमीटर सरकविले तर पडद्यावर ते यंत्रवत् घसरते. तेच अंतर पहिल्यांदा अर्धा, मग एक, दीड, अडीच, तीन, साडेतीन आणि पुढे याच्याच उलट क्रमाने साडेतीनपासून अर्ध्यापर्यंत असे वाटून दिले, तर तेच वर्तुळ जणू आपण होऊन निघते, वेग घेते आणि थांबते. दोन्ही अभ्यासांत कागद तोच, आरंभ आणि शेवट तेच, एकूण काळही तोच. बदलली ती फक्त मधल्या अंतरांची वाटणी. आणि एवढ्यानेच निर्जीव वस्तूला इच्छा असल्याचा भास होतो. दोन चौकटींच्या मध्ये जे घडते ते प्रत्येक चौकटीतील चित्राहून महत्त्वाचे, ही नॉर्मन मॅक्लारेनची भूमिका होती. ती व्याख्यानातून कळते, पण पटते ती अशा सरकवणीनेच.

मॅक्लारेनच्या दोन लघुपटांचा विचार येथे उपयुक्त ठरेल. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी काम करणाऱ्या या कलावंताने एव्हलिन लॅम्बार्टच्या सहकार्याने १९५६ साली ‘रिद्मेटिक’ केला. त्यात कागदी अंक बेरीज-वजाबाकीसाठी रांगेत उभे राहतात आणि हळूहळू अस्वस्थ होऊन शिस्त मोडतात. अंकांना डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत. त्यांचा स्वभाव कळतो तो केवळ त्यांच्या थांबण्यातून, कंप पावण्यातून आणि शेजाऱ्याला ढकलण्यातून. १९५८ च्या ‘ल मेर्ल’मध्ये पांढऱ्या कागदाच्या काही साध्या आकारांतून एक पक्षी उभा राहतो, एका फ्रेंच-कॅनेडियन लोकगीताच्या तालावर त्याचे अवयव हरवतात आणि पुन्हा मिळतात. पक्षी विस्कळीत झाला तरी त्याची ओळख पुसली जात नाही, हे या लघुपटाचे मर्म आहे. तुकड्यांतील संबंध टिकला की आकृती टिकते, हा कोलाजाचाच सिद्धान्त येथे काळाच्या अक्षावर सिद्ध झालेला दिसतो. युनेस्कोच्या कार्यासाठी मॅक्लारेन १९४९ मध्ये चीनमध्ये आणि १९५२-५३ मध्ये भारतात येऊन गेला होता. अल्प साधनांत चित्र हलविण्याची त्याची शिकवण या देशाला त्या अर्थाने परकी नाही. त्याच्याही पूर्वी दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यापेटीतील काड्यांनाच नट केले होते.

अक्षरे आणि आकृती यांचा मेळ पाहावयाचा तर सॉल बासने ऑटो प्रेमिंजरच्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ या १९५९ च्या चित्रपटासाठी केलेली श्रेयनामावली आदर्श ठरावी. कात्रीने ओबडधोबड कापल्यासारखी एक काळी मानवाकृती. तिचे डोके, हात, पाय स्वतंत्रपणे येतात, जातात, तुटतात आणि ड्यूक एलिंग्टनच्या संगीताबरोबर नावांना जागा करून देतात. येथे सांधा हाच विषय आहे. चित्रपट एका खुनाची न्यायालयात होणारी चिरफाड सांगतो. नामावली ती चिरफाड शब्दांवाचून सांगून मोकळी होते. आकृतीच्या कडा गुळगुळीत असत्या आणि अवयव एकातून दुसऱ्यात विरघळत गेले असते, तर नामावली सुंदर झाली असती, पण मुकी राहिली असती.

आजच्या अध्यापनातील उणीव येथेच दाखविता येते. संगणकावर विद्यार्थी आरंभीची आणि शेवटची मांडणी ठरवितो. मधल्या मांडण्या यंत्र भरून काढते. वेगाचा चढउतारही एका आज्ञेसरशी लाभतो. यंत्राने भरलेला मधला भाग चुकीचा असतो असे नव्हे. पण तो कोणी निवडलेला नसतो. म्हणून अनेक विद्यार्थ्यांच्या कामांत एकच हालचाल पुनःपुन्हा भेटते : सर्व काही हळुवार येते, हळुवार थांबते आणि कशाचेच वजन जाणवत नाही. ज्याने १२० वेळा तुकडा स्वतः सरकविला आहे, त्याला यंत्राची सूचना नाकारता येते. ज्याने तो सरकविलेला नाही, त्याला नाकारण्यासारखे काही आहे हेच दिसत नाही. कागदाचा अभ्यास संगणकाला पर्याय म्हणून नव्हे, तर संगणकाविषयी मत बनविण्याची पात्रता म्हणून आवश्यक आहे.

तुकड्याच्या पूर्वायुष्याचा प्रश्नही याच अभ्यासात उद्भवतो. स्टॅन व्हॅनडरबीकने १९५९ च्या ‘सायन्स फ्रिक्शन’मध्ये नियतकालिकांतील कातरणांना उपहासाच्या कामी लावले. ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ (१९६९-७४) या ब्रिटिश दूरदर्शन-मालिकेसाठी टेरी गिलियमने ब्रॉन्झीनोच्या चित्रातील मदनाचा पाय उचलला आणि तो वरून सर्व काही चिरडीत खाली येऊ लागला. मूळ चित्राची प्रतिष्ठा आणि नव्या जागेतील पोरकटपणा यांच्या सांध्यावरच तेथील विनोद उभा आहे. विद्यार्थी मात्र पुष्कळदा जे हाती लागेल ते कापतो आणि तुकडा कोठला, कोणाचा, हे विचारीत नाही. मग अपरिचित माणसाचा चेहरा त्याला केवळ पोत वाटतो. येथे कलादृष्टीची आणि नीतीची चूक एकच असते : तुकड्याला बोलू न देणे.

याचे उत्तर नीना सबनानी यांच्या दोन लघुपटांत मिळते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि पुढे मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले. ‘मुकंद अँड रियाझ’ (२००५) हा लघुपट फाळणीच्या वेळची आपल्या वडिलांची कराचीतील आठवण कापडावर कापड टाचण्याच्या कलेतून सांगतो. ‘टांको बोले छे’ (२००९) मध्ये कच्छमधील कला रक्षा या संस्थेच्या कारागीर स्त्रियांचे तुकडकाम आणि भरतकाम हलू लागते आणि स्थलांतराची व भूकंपाची हकीकत त्याच स्त्रिया आपल्या आवाजात सांगतात. जुन्या लुगड्यांची गोधडी पाहिलेल्या मराठी वाचकाला हे माध्यम परके वाटणार नाही. पण लघुपटाचे मोल केवळ या ओळखीत नाही. येथे तुकडा करणारीच त्याचा अर्थ सांगते. टाका दिसतो आणि दिसला पाहिजे, कारण तो तिच्या हाताचा आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. कापलेली आकृती सपाट असते. ती सहज वळत नाही, श्वास घेत नाही, शरीराचे वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे तिला कठीण जाते. लॉटे रायनिगरने १९२६ च्या ‘प्रिन्स आख्मेदची साहसे’ या छायापटात सांधे जोडलेल्या आकृत्यांकडून अप्रतिम नृत्य करवून घेतले हे खरे; परंतु त्यामागे देहाच्या हालचालीचे अविरत निरीक्षण होते आणि ते कात्रीने आपोआप लाभत नाही. म्हणून कोलाजाने रेखाटनाची जागा घ्यावी, असे प्रतिपादन येथे अभिप्रेत नाही.

अभिप्रेत आहे ते इतकेच की, कोलाजाचा अभ्यास सोपा म्हणून शिकवू नये. त्याची परीक्षा घेताना काम आकर्षक आहे की नाही, एवढे पाहून चालणार नाही. हा तुकडा येथेच का, तो कोठून आला, आणि तो या जागी इतक्याच चौकटी का थांबला, या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याच्या कामातूनच मिळाली पाहिजेत. ज्याच्या कामात ती मिळतात, त्याने साधन कोणतेही घेतले तरी तो साधनाचा स्वामी राहील. ज्याच्या कामात ती मिळत नाहीत, त्याच्या वतीने निवड दुसरेच कोणी तरी करीत असते.