सातवा अध्याय आणि लक्ष्मीबाई

पोर्टलीशचे कॅथलिक चर्च संत पेत्र आणि संत पौल या दोघांच्या नावाने आहे. आयर्लंडमध्ये चर्चमधल्या लग्नाला गेलेल्या मराठी पाहुण्यांच्या कानांवर पौलाचे शब्द बहुधा पडतातच. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, प्रीतीवरचा, लग्नात आवडीने वाचला जातो. त्याच पत्राचा सातवा अध्याय मात्र तिथे सहसा कोणी काढत नाही. त्यात पौल अडचणीचा प्रश्न घेतो: नवराबायकोंपैकी एकाने ख्रिस्ताला मानले आणि दुसऱ्याने मानले नाही, तर त्या लग्नाचे काय?

तो सांगतो की जोडीदार नांदायला राजी असेल तर त्याला टाकू नये, आणि तो स्वतःच निघून जात असेल तर अडवू नये. उत्तर व्यवहारी आहे, उदारही आहे. पण हा सारा उपदेश विश्वास ठेवणाऱ्याला. न ठेवणाऱ्याच्या मनात काय चालले असेल, हे तिथे कुठेच येत नाही.

ती बाजू मराठीत एका बाईने लिहून ठेवली आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू होता आणि भोवती सोवळ्याओवळ्याचे घर. 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) आपण विनोदासाठी वाचतो, किंवा धर्मांतराची कथा म्हणून. माझ्या मते हे पुस्तक त्या सातव्या अध्यायावरचे मराठीतले सर्वांत प्रामाणिक भाष्य आहे, आणि तेही ज्याच्याविषयी पौल बोलतो पण ज्याच्याशी बोलत नाही, त्या माणसाचे.

टिळकांना दुसरी वाट मोकळी होती. १८६६ च्या कायद्याप्रमाणे, धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने नांदायला नाकारत असेल तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टात जाऊन शेवटी लग्नातून सुटता येत असे. ते त्या वाटेला गेले नाहीत. लक्ष्मीबाईही काही वर्षे दूर राहून परतल्या, पण परतताना सोवळे बरोबर घेऊन आल्या. ते सुटले ते वादविवादाने नव्हे; पाणी, स्वयंपाक, शिवाशीव अशा रोजच्या गोष्टींतून हळूहळू. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. त्यानंतरही या दांपत्याची भांडणे थांबत नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. नवरा बायकोचे मस्तक आहे, असे इफिसकरांस पत्रात म्हटले आहे; या घरात ते मस्तक पैसे वाटून मोकळे होते आणि संसार सावरते बायको.

एक आक्षेप मात्र घ्यायला हवा. हे सारे लिहिले आहे ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाईंनी, टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) बऱ्याच वर्षांनी. शेवट ठाऊक असल्यामुळे विरहाच्या काळालाही एक समजूतदार उजेड मिळतो. शिवाय अखेर बदलली ती बायकोच. ती बदलली नसती, तर?

त्याचे उत्तर आपल्याला आयर्लंडमध्येच सापडते. १९५७ साली वेक्सफर्डमधल्या फेथर्ड-ऑन-सी गावात शीला क्लोनी या प्रॉटेस्टंट बाईंनी मुलीला कॅथलिक शाळेत घालायला नकार दिला आणि त्या मुलींना घेऊन गाव सोडून गेल्या. कॅथलिक गावकऱ्यांनी प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांवर बहिष्कार घातला. पंतप्रधान डी व्हॅलेरा यांनी संसदेत त्याचा निषेध केला. पुढे शीलाबाई घरी परतल्या, धर्म न बदलता. मुलींना घरीच शिकवले गेले. इथे दोघेही एकच पवित्र शास्त्र मानणारे होते, तरी गाव मध्ये आले.

आपल्या घरांतही आता वेगळ्या धर्माचे जावई-सुना येणार. मंडपात काय वाचायचे आणि सप्तपदी आधी की चर्च, यावर आपण खल करतो. त्यापेक्षा, ज्याला बदलायचे नाही त्याला या घरात किती जागा आहे, हे आधी विचारावे. मराठी न वाचणाऱ्या मुलांसाठी 'स्मृतिचित्रे'चा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ साली आला आहे. लग्नाच्या अहेरात साडीबरोबर तोही द्यावा.