पुरावा कानांनी तपासायचा असतो

इयरफोनवर ऐकायच्या गुन्हेकथांची सध्या मराठीतही चलती आहे. त्यांतल्या बऱ्याचशा ऐकून माझा संयम संपला. प्रेत सापडले की व्हायोलिन किंचाळते, संशयित गप्प बसला की ढोल घुमू लागतो. श्रोत्याने काही ताडण्याआधीच पार्श्वसंगीत निकाल देऊन मोकळे होते. वर वारसा सांगायचा तो अमेरिकी रेडिओच्या सुवर्णकाळाचा!

त्या काळातल्या 'द शॅडो' या रेडिओमालिकेतल्या भयंकर हास्याचे कौतुक आता पुरे. नट रॅथबोनने रेडिओवर रंगवलेला शेरलॉक होम्स गोड आहे, एवढेच. हॉवर्ड डफने साकारलेला गुप्तहेर सॅम स्पेड झकास, पण ती गंमत चटपटीत संवादांची. तपास कानांनी कसा करायचा हे शिकवले ते 'ड्रॅगनेट' आणि 'जॉनी डॉलर' या मालिकांनी.

जॅक वेबने 1949 मध्ये एनबीसीवर 'ड्रॅगनेट' सुरू केले, तेव्हा नटांना त्याने नाटकी बोलूच दिले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरातला नाताळच्या बंदुकीचा भाग पुन्हा ऐकावा. एक लहान मुलगा बेपत्ता आहे. अंगणात रक्ताचे डाग सापडतात, काडतुसाची रिकामी पुंगळी सापडते. आईवडिलांशी पोलीस बोलतात ते रोजच्या कामाच्या सपाट आवाजात, आणि म्हणूनच काळजाचे पाणी होते. इथे पाऊल वाजले तर कोणीतरी खरोखर आलेले असते. ध्वनी हा पुरावा असतो, सजावट नव्हे.

'जॉनी डॉलर' तर विमा-तपासनिसाच्या खर्चाच्या हिशेबावर उभे आहे. टॅक्सीचे भाडे, लांबच्या फोनचे पैसे, हॉटेलचे बिल. प्रत्येक नोंदीतून नवा प्रसंग उघडतो. 1955 मध्ये मुख्य भूमिकेत बॉब बेली आला आणि एकेक प्रकरण पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाच भागांत, आठवडाभर चालू लागले. मग साक्षीदाराला अडखळायला सवड मिळाली, बेलीच्या थकलेल्या आवाजात दया आणि चीड एकत्र ऐकू येऊ लागली. रेडिओवरच्या तपासकथेने याहून उंच मजल मारलेली मला ठाऊक नाही.

यावर आजचे निर्माते म्हणतात, लोकलच्या गर्दीत श्रोत्याचे लक्ष टिकत नाही, त्याला सतत काहीतरी द्यावे लागते. 1955 चा श्रोता काय कान टवकारून बसला होता? त्याच्या घरात भांडी घासली जात होती, पोरे भांडत होती, आणि टीव्ही तर त्याला केव्हाच ओढून नेऊ लागला होता. तरी तो बेलीसाठी थांबत होता, कारण पुढचा दुवा चुकवणे त्याला परवडणारे नव्हते. आजच्या मालिकांत चुकवण्यासारखा दुवाच नसतो. तपास बांधलेला नसतो, खुनी शेवटी स्वतःच सगळे बडबडून टाकतो, आणि हे भगदाड बुजवायला ढोल आणले जातात. निर्मात्यांनी जबाबाचा एक प्रसंग संगीत काढून ऐकावा. तो उभा राहत नसेल, तर संहिता लेखकाकडे परत पाठवावी, आणि ध्वनिसंयोजनावर उधळायचे पैसे त्याला द्यावेत.