चिमट्यातलं दुसरं भोक

जुनी बीएमडब्ल्यू समोर उभी असली की नजर आधी टाकीवर जाते. काळाभोर रंग, त्यावर काठाकाठाने हाताने ओढलेली पांढरी रेघ, आणि खाली दोन्ही अंगांना बाहेर आलेले इंजिनाचे सिलिंडर. फोटो काढणारे तिथेच थांबतात. मी तुम्हाला गुडघ्यावर बसवणार आहे. पुढच्या चाकाच्या मागे बघा. चिमट्याचा जाड पाय मडगार्डच्या मागून खाली उतरतो आणि जिथे संपतो, तिथे झुलत्या दांड्याची बिजागरी बसवायला एकापुढे एक अशा दोन जागा आहेत. वापरात त्यातली एकच असते. दुसरी रिकामी.

गाडी १९५५ ते १९६९ या काळातली: आर ५०, आर ६० किंवा त्यांची थोरली बहीण आर ६९ एस. शेवटची ५९४ सीसीची, ४२ अश्वशक्तीची. साखळीऐवजी शाफ्ट, त्यामुळे हजारो मैल तेलकट बोटांशिवाय जावेत अशी लांबच्या प्रवासाची सोय. आणि पुढे हा चमत्कारिक चिमटा. त्याला अर्ल्स फोर्क म्हणतात, कारण तो अर्नी अर्ल्स या इंग्रजाच्या डोक्यातून निघाला. नेहमीच्या चिमट्यात नळीत नळी सरकते. इथे चाकाला मागून वळसा घालून येणारा एक झुलता चिमटा आहे. त्याची बिजागरी चाकाच्या मागे, पुढच्या टोकांत चाकाचा अ‍ॅक्सल, आणि दोन बाजूंना दोन शॉकॲब्सॉर्बर. मागच्या स्विंगआर्मला उलटं करून पुढे लावल्यासारखं. त्या वळशामुळे चिमट्याचे दोन्ही पाय एकमेकांना धरून राहतात. खड्ड्यात एक पाय इकडे, दुसरा तिकडे असं होत नाही.

आता त्या दोन जागांकडे. त्यासाठी घरातली सायकल पुरते. सीट एका हाताने धरा आणि सायकल डावीकडे कलवा. हँडल आपणहून डावीकडे वळेल. त्याला सांगतं कोण? हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं तो तिरपा असतो. त्याची रेघ मनाने खाली जमिनीपर्यंत नेली, तर ती चाकाच्या थोडी पुढे टेकते. टायर मात्र त्या बिंदूच्या मागे टेकलेला असतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. मराठीत कुणी ‘मागोवा’ म्हणालं तर मला आवडेल, कारण चाक खरोखरच आपल्या रेघेचा मागोवा घेत येतं. दुकानातल्या ट्रॉलीचं फिरतं चाक ढकलल्यावर मुकाट खुंटीच्या मागे येतं, ते याच कारणाने. ट्रेल जास्त असला की गाडी सरळ रस्त्यावर स्थिर, हात सोडला तरी शहाणी. कमी असला की हलकी, चपळ, आणि फारच कमी केला तर चंचल.

लांब पल्ल्याच्या एकट्या गाडीला भरपूर ट्रेल हवा, यात वाद नाही. पण १९५०च्या दशकातल्या युरोपात हीच गाडी कुटुंबाचीही होती. शेजारी साइडकार जोडायची, बायको-पोरं बसवायची आणि सुट्टीला निघायचं. आणि साइडकार जोडली की दुचाकीचं सगळं शास्त्र फिरतं. दुचाकी वळणात कलते. कलली की ट्रेलच पुढच्या चाकाला वळणात नेतो, हाताला फारसं काम उरत नाही. तीन चाकांवर उभी गाडी कलणं विसरते. आता वळवायची ती निव्वळ दंडांच्या जोरावर. टायरवर आडवा येणारा जोर ट्रेलच्या तरफेने हँडलला सरळ करू पाहतो, आणि जो गुण सरळ रस्त्यावर आधार होता तोच वळणावर ओझं होतो. एकदा एका मित्राच्या जुन्या साडेतीनशेच्या गाडीवर मी हे भोगलं आहे. तिला नंतर साइडकार लावलेली, पुढची भूमिती जशीच्या तशी. घाटातल्या दहा वळणांत खांदे असे भरून आले की उतरल्यावर चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

बीएमडब्ल्यूचं दुसरं भोक हेच सोडवतं. एकटी गाडी असेल तर बिजागरी मागच्या भोकात. साइडकार लावली की झुलता चिमटा काढून पुढच्या भोकात बसवायचा. चाक पुढे सरकतं, टायर टेकण्याचा बिंदू त्या तिरप्या रेघेजवळ येतो, ट्रेल कमी होतो आणि हँडल हलकं होतं. फ्रेम कापायची नाही, नवा चिमटा नाही, जोडकामाचं दुकान नाही. घरच्या अवजारांचं काम. एका यंत्रात दोन स्वभाव ठेवायचे, तर बहुतेक कारागीर मध्यावर तडजोड करून दोन्ही बिघडवतात. इथे तडजोड टाळून निर्णय मालकावर सोपवला, आणि तो बदलायची मुभाही ठेवली. मला या गाडीतली सगळ्यात सुसंस्कृत गोष्ट ही वाटते.

भोक एकटं नाही, हेही लक्षात घ्या. साइडकार अडकवायच्या जागा फ्रेममध्येच घडवलेल्या आहेत. साइडकारवाल्यांसाठी मागच्या चाकाचं गिअर-प्रमाण वेगळं, म्हणजे चढाला ओढ जास्त. आणि स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, म्हणून प्रमाण बदललं की वेगाचा आकडा खोटा ठरेल. तेव्हा त्या प्रमाणाला जुळणारा स्पीडोमीटरही वेगळा. हेडलाइटच्या डब्यात बसवलेल्या त्या गोल तबकडीवरचा बारीक आकडा वाचायची तसदी फारसं कुणी घेत नाही.

ब्रेकचं सौंदर्य मात्र चालवल्यावरच कळतं. नेहमीच्या चिमट्यात पुढचा ब्रेक दाबला की नाक खाली जातं. नाक खाली गेलं की हँडलचा दांडा अधिक उभा होतो आणि ट्रेल कमी होतो. म्हणजे स्थिरता सर्वांत जास्त हवी त्याच क्षणी भूमिती ती काढून घेते. अर्ल्सच्या चिमट्यात ब्रेकची प्लेट झुलत्या दांड्याला अडकवलेली आहे. फिरतं चाक तिला आपल्यासोबत फिरवू पाहतं, त्यामुळे दांड्याचं पुढचं टोक खाली दाबलं जातं आणि गाडीचं नाक बुडण्याऐवजी किंचित वर उठतं. पहिल्यांदा चालवणारा दचकतो. दहा किलोमीटरनंतर त्याला कळतं की उतारावर, सामान आणि मागे माणूस असताना, गाडी आपल्या जागेवर बसून थांबते. एरवी ब्रेक दाबल्यावर गाड्यांनी मान खाली घालणं हा आपण सवयीने शिष्टाचार समजत आलो होतो.

ट्रेल कमी केल्याची किंमतही आहे, आणि ती लपवलेली नाही. साइडकारची गाडी कमी वेगात, विशेषतः वेग घेताना वा सोडताना, हँडल डुगडुगवते. हँडलच्या मध्यावर जी मूठ दिसते ती त्यासाठी. पिळली की स्टीअरिंग डँपर आवळला जातो आणि डुगडुग थांबते. आर ६९ एस वर तर हा डँपर घर्षणाचा नसून तेलाचा: हळू वळवलं तर वाट देतो, झटका आला तर अडवतो.

दोष? आहे, आणि रसिकाने तो मान्य करावा. वळशाचा चिमटा, मडगार्ड, दोन शॉकॲब्सॉर्बर हा सगळा पसारा हँडलबरोबर फिरतो. त्यामुळे चटकन डावी-उजवी करायला ही गाडी आळशी. शर्यतीच्या मैदानावर, निदान एकट्या दुचाकीत, हे जड जातं. साइडकारच्या शर्यतीत मात्र १९५४ ते १९७४ या काळात बीएमडब्ल्यूचंच राज्य होतं. आणि रस्त्यावर? अमेरिकेचा जॉन पेंटन १९५९ मध्ये आर ६९ वर न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसला सुमारे सव्वादोन दिवसांत पोहोचला. नेब्रास्काचा शेतकरी डॅनी लिस्का आर ६० घेऊन अलास्कातून निघाला आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगोला गेला. मधल्या डॅरिएनच्या जंगलात गाडी जाईना म्हणून तेवढा भाग तो पायी चालला. असल्या माणसांना चटकन वळणाऱ्या गाडीचं फारसं कौतुक नसतं.

तेलावर चालणारा सरकत्या नळ्यांचा चिमटा कारखान्याच्या मोटरसायकलवर प्रथम आणला तोही बीएमडब्ल्यूनेच, १९३५ साली. म्हणजे स्वतःचा शोध बाजूला ठेवून कंपनी वीस वर्षांनी अर्ल्सकडे वळली होती. चौदा वर्षांनी ती पुन्हा नळ्यांकडे गेली: मोटारी स्वस्त झाल्या, साइडकार संपल्या, आणि दुसऱ्या भोकाला गिऱ्हाईक उरलं नाही. अमेरिकेसाठीच्या शेवटच्या गाड्यांवर सरकता चिमटा आधीच आला होता, आणि त्यांच्या फ्रेमवर साइडकारच्या जागाही नव्हत्या. नाक न बुडवणाऱ्या चिमट्याची आस मात्र कंपनीने सोडली नाही. १९९३ चा टेलिलिव्हर हा तिचा पुढचा चिमटा पाहिला की ते लक्षात येतं.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कधी अशी एखादी दिसली, तर टाकीवरची पांढरी रेघ नंतर बघा. आधी वाका. शेजारी साइडकार असेल आणि बिजागरी मागच्या भोकात असेल, तर चालवून बघायची विनंती करू नका. मालकाला तेवढं सांगा. पाने घेऊन बसला तर संध्याकाळपर्यंत त्याचे खांदे सुटतील.