‘श्यामची आई’ आणि मावशीचा हात

साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें ‘श्यामची आई’ हें पुस्तक 1935 सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या अखेरच्या भागानें मराठी वाचकांकडून जितके अश्रू वसूल केले, तितके दुसऱ्या कोणत्याही लिखाणानें क्वचितच केले असतील. 1953 सालीं आचार्य अत्र्यांच्या चित्रपटानें त्यांत भरच घातली. तथापि कृतीनें किती रडविलें एवढ्यावरून तिची किंमत ठरत नाहीं. रडून उठलेल्या वाचकाच्या नजरेंतून काय निसटलें, हें पाहणें टीकाकाराचें काम होय.

या भागांत बहुतेकांना दोनच माणसें दिसतात : मरणोन्मुख आई आणि उशिरां पोहोंचलेला मुलगा. पण आजाऱ्याच्या खोलीकडे जरा निरखून पाहावें. श्याम शिक्षणासाठीं दूर आहे. घर कर्जानें पोखरलेलें आहे. अशा वेळीं आईची बहीण येऊन सेवेला उभी राहते. शेजारच्या बायका येऊन विचारपूस करतात. मुलगा जवळ नसतांही ती माउली एकटी मरत नाहीं, हें या प्रकरणांतील मोठें सत्य आहे, आणि आमच्या मतें तेंच दुर्लक्षित राहिलें आहे.

याचा थोडा दोष लेखकाकडेही जातो. गुरुजी सर्व सेवेला प्रेम हें एकच नांव देतात. प्रेम असलें कीं अंथरूण बदलणारा हात आपोआप मिळतो, अशी वाचकाची समजूत होते. वस्तुतः ती सेवा म्हणजे श्रम होते, आणि ते बहुतांशीं बायकांनीं उचलले. त्या श्रमांचा हिशेब कथा मांडीत नाहीं.

हा केवळ वाङ्मयीन तंटा नव्हे. हेंच पुस्तक आज उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथील एखाद्या चौथ्या मजल्यावर वाचलें जातें, असें समजा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत आलेल्या सिंधी निर्वासितांनीं उल्हासनगर वसविलें. 1949 सालीं त्यास हें नांव मिळालें. अंबरनाथचें शिवालय 1060 सालचें, पण आजचें शहर कारखान्यांनीं वाढविलें. बदलापूर वाढलें तें परवडणारें घर शोधीत मुंबईहून सरकत आलेल्या कुटुंबांनीं. तिन्ही शहरें बाहेरून आलेल्यांचीं; पिढीजात शेजार येथें थोड्यांनाच लाभला.

बदलापुराहून मुंबईचें टोक सुमारें 68 किलोमीटर. परळच्या टाटा रुग्णालयांत डॉक्टरांनीं ‘आतां घरीं न्या’ म्हटलें, कीं रोगी त्याच लोकलनें परत येतो. उपचार संपतात, आजार संपत नाहीं. मुलगा सकाळच्या गाडीनें गेलेला असतो, सून आपल्या कामावर. आणि मावशीही आतां नोकरी करते. मृत्यूच्या दिवशीं जिना माणसांनीं भरतो, हें खरें. मराठी घरीं तेरावा होतो, सिंधी घरीं पगडीचा विधि होतो. परंतु मरणाच्या आधींचे तीन महिने आणि तेराव्यानंतरचा चौदावा दिवस, यांसाठीं आमच्या रूढींत फारशी तरतूद नाहीं.

ती करतां येते, हें केरळनें दाखविलें आहे. 1993 सालीं कोझिकोड येथें वेदनाशमनासाठीं एक संस्था निघाली. पुढें त्या प्रांतांत गांवोगांवच्या सामान्य माणसांनीं शिक्षण घेऊन आठवड्यांतील कांहीं तास शेजारच्या आजाऱ्यांना दिले. परिचारिका घरीं जाऊन जखमा पाहते. शेजारी औषध आणतो, तांदूळ पोहोंचवितो, मागें राहिलेल्यांकडेही जात राहतो. 2008 सालीं त्या राज्य सरकारनें हें धोरण म्हणून स्वीकारलें. आपल्याकडे वांद्र्याचें शांति आवेदना सदन 1986 पासून अशा रोग्यांना आसरा देत आलें आहे. पण सदनांतील खाटा मोजक्या असणार, घरें असंख्य. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें मॉर्फीन मिळणें दुर्घट केलें होतें; 2014 च्या दुरुस्तीनें ती अडचण बरीच सैल झाली. म्हणजे वेदना सोसणें हेंच प्राक्तन, असें म्हणण्यास आतां आधार उरला नाहीं.

कोणी म्हणेल, शेजारधर्माची अशी पाळी लावली तर त्यांतील ओलावा आटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. पाळी नसली म्हणजे सर्व भार एकाच बाईवर पडतो, आणि त्या भाराखालींच ओलावा लवकर आटतो.

सोसायटीच्या सभेंत पाण्याच्या टाकीवर तासभर चर्चा होते. त्याच सभेंत, कोणत्या घरीं कोण अंथरुणाला खिळलें आहे आणि मंगळवारीं दुपारीं तेथें कोण बसणार, हेंही विचारलें जावें. ‘श्यामची आई’ घरोघरीं आहेच. तें पुन्हां वाचावें, मुलांना वाचून दाखवावें. मात्र या खेपेस आईच्या उशाशीं बसलेल्या मावशीकडे पाहत वाचावें.